बुधवारची ईद, गुरुवारची ईद

“ईद नक्की कधी आहे?” जोआनने मला विचारलं.

जुलै महिना होता. टेबलावर सप्टेंबरअखेरच्या आठवड्याचं शूटिंगचं वेळापत्रक पसरलं होतं आणि जोआनच्या हातात लाल पेन होतं. समोरचा माणूस कागदावर पेन टेकवून थांबला की काहीतरी उत्तर द्यावंसं वाटतंच. खरं उत्तर होतं, माहीत नाही, आदल्या रात्री कळेल, आणि तेव्हाही भांडण होईल. पण मी सव्वीस वर्षांची होते, आयुष्यातली पहिली बरी नोकरी होती, आणि माझ्या पदाचं नाव होतं ‘सांस्कृतिक सल्लागार’. सल्लागारालाच स्वतःच्या सणाची तारीख माहीत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

“मंगळवार,” मी म्हणाले.

जोआनने मंगळवारी सुट्टी लिहिली. बुधवारच्या चौकोनात लिहिलं, ‘ईदची मेजवानी, पूर्ण दिवस’. मग पेनाला टोपण लावलं. इथेच सगळा घोळ झाला.

जोआन आमच्या मालिकेची दिग्दर्शक. मालिकेचं नाव ‘बारा, मिल लेन’. इंग्लंडच्या उत्तरेला थॉर्नशॉ नावाच्या गिरणीगावात राहणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाची ती विनोदी मालिका होती. माझं काम एवढंच, की लिहिणाऱ्यांनी काही विचारलं की सांगायचं. घरात बूट घालून फिरतात का? दादी पोस्टमनला मिठी मारेल का? मी म्हणायचे, मिठी मारणारी दादी मी तरी पाहिलेली नाही. ती त्याला चहा देईल, आणि तो निम्मा प्यायला की विचारेल, अजून लग्न का नाही केलंस? हे ऐकून सगळे हसायचे आणि लिहून घ्यायचे. तीन महिने असं फुकटचं हसवल्यावर जोआन एक दिवस म्हणाली, शगुफ्ता, एक भाग तूच लिही. मी ईदचा भाग लिहिला.

कशावर लिहिला ते सांगायला हवं. आम्ही हमदुले, बाणकोटच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत मी मंडणगडला मराठी शाळेत होते. माझे अब्बा, याकूब हमदुले, त्याआधी कितीतरी वर्षं थॉर्नशॉच्या कापडगिरणीत कामाला होते. त्यांनी आधी धाकट्या भावाला तिकडे नेलं, म्हणजे इसाकचाचांना. आम्हाला अगदी शेवटी. गिरणी बंद पडली तेव्हा दोघं भाऊ एकाच रांगेत तीन दारं सोडून राहत होते आणि एकाच टॅक्सीवर पाळीपाळीने बसत होते.

थॉर्नशॉत मशिदी दोन. एका मशिदीत सौदीहून बातमी आली की ईद. दुसऱ्या मशिदीत कोणीतरी जवळपासच्या माणसाने आपल्या डोळ्यांनी चांद बघितल्याशिवाय ईद नाही. आता थॉर्नशॉच्या आभाळात चांद बघायचा म्हणजे आधी आभाळ दिसायला हवं. अब्बा पहिल्या मशिदीचे, चाचा दुसरीचे. एका वर्षी आमच्याकडे ईद होती आणि चाचांचा रोजा होता. ते आपले साधे भेटायला आले. अब्बा गमतीत म्हणाले, “इसाक, तुझा चांद आंधळा हाय.” चाचा म्हणाले, “आणि तुझा विमानाने येतो.”

इथे हसायचं होतं. मी हसलेसुद्धा. पण चाचांनी बूट घातले आणि निघून गेले, आणि अब्बांनी त्यांना थांबवलं नाही. टॅक्सी विकली गेली. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, एका टेबलावर जेवले नाहीत. अम्मी आणि चाची मागच्या गल्लीतून वाट्या पाठवत होत्या. तेवढं दोघांनाही दिसत नसे, किंवा दिसत असूनही दिसत नसे.

तर मी ते भांडण उचललं आणि भागात टाकलं. दोन भाऊ, दोन मशिदी, दोन ईदी. आंधळा चांद आणि विमानाने येणारा चांद, दोन्ही वाक्यं जशीच्या तशी. मला नाव हवं होतं, पगारही हवा होता, खोटं कशाला बोलू? पण मनात एक वेगळाच डाव होता. मेजवानीच्या प्रसंगात टेबलाभोवती बसायला बारा-तेरा म्हातारी माणसं लागणार होती. त्यांना बोलायचं काही नसतं. बसायचं, जेवायचं, पैसे घेऊन घरी जायचं. त्यांना एक्स्ट्रा म्हणतात. घरच्या टेबलावर जे मला जमत नव्हतं ते टीव्हीच्या टेबलावर जमवायचं मी ठरवलं. अब्बांना सांगितलं, माझ्यासाठी एक दिवस या. चाचांनाही तेच सांगितलं. दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. दोघांनीही विचारलं नाही, आणि दोघंही लगेच हो म्हणाले.

मग रमजान आला, आणि आला तोच दोन दिवशी. अब्बांचा सोमवारी सुरू झाला, चाचांचा मंगळवारी. तरी मी आशेवर होते. दोघांचेही रोजे एकोणतीसच झाले तर अब्बांची ईद मंगळवारी, चाचांची बुधवारी, आणि बुधवारी सगळेच जेवायला मोकळे. एकोणतिसाव्या रोज्याला, सोमवारी रात्री, सौदीहून बातमी आली की चांद नाही. गेला मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी चाचांच्या मशिदीतली दहा माणसं टेकडीवर चढली आणि ओल्या कोटांनी परत आली. म्हणजे बुधवारी अब्बांची ईद आणि चाचांचा तिसावा रोजा. आणि मी जो ठासून सांगितला होता त्या मंगळवारी अख्ख्या गावात कोणाचीही ईद नव्हती. नुसती पगारी सुट्टी होती. इंग्रज सुतार आणि लाइटवाले मात्र त्या दिवशी मला फोन करून मुबारक देत होते.

रात्री मी जोआनच्या घरी फोन केला आणि सगळं कबूल केलं.

“दोन ईदी?” ती म्हणाली. “मग त्यातली खरी कुठली?”

“ते तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं गेली नोकरी. मग ती म्हणाली की गुरुवारी सकाळी सेट पाडायचाय, जागा दुसऱ्यांना दिली आहे, त्यामुळे उद्या संध्याकाळी सातपर्यंत हा प्रसंग झाला तर झाला, नाहीतर भागातून काढायचा. आणि तो काढला तर भागात उरतंच काय? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग झोप, सकाळी बघू.

सकाळी तिने उपाय काढला. साधा आणि अगदी इंग्रजी. ज्यांची ईद आहे ते कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतील आणि जेवतील. ज्यांचा रोजा आहे ते टेबलाच्या अलीकडे, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतील. पाठीला काही खावं लागत नाही. मी तिचं कौतुक करत होते, आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. टेबल लांब आणि अरुंद होतं. तोंडवाले आणि पाठवाले समोरासमोर येणार. जोआनला फोटोत अब्बांची दाढी फार आवडली होती, म्हणून तिने त्यांना बरोबर मधे, मालिकेतल्या बापाचं काम करणाऱ्या नटाच्या शेजारी बसवलं. आणि चाचांची पाठ रुंद म्हणून त्यांना बरोबर मधे, अलीकडे.

अब्बा ईदची नमाज पढून नव्या शेरवानीत आले. चाचा रोजा धरून, नेहमीच्या राखाडी स्वेटरमध्ये. सेट त्या बंद पडलेल्या गिरणीतच होता. दोघंही आत आल्या आल्या छताकडे बघायला लागले, कुठलं यंत्र कुठे होतं ते शोधत. मग मान खाली आली आणि एकमेकांसमोर आले.

अब्बा माझ्याकडे वळले. चाचाही माझ्याकडे वळले. मी कागद चाळायला लागले.

“शगू,” चाचा म्हणाले, “हे तुझं काम?”

“जोआनचं,” मी म्हणाले. सगळं जोआनवर ढकलायची मला तोवर सवय झाली होती.

जातील असंच वाटत होतं. पण चाचांनी मला शब्द दिला होता, आणि चाचा जात नाहीत हे बघून अब्बांनाही जाता येईना. कोण आधी उठतो याची ती शर्यत होती, आणि दोघंही हमदुले. दोघं बसले. चाचा अब्बांच्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघत होते, अब्बा चाचांच्या स्वेटरच्या बटणाकडे.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. शूटिंगमध्ये एकदा माणूस जिथे बसला तिथेच त्याला दिवसभर बसावं लागतं. नाहीतर पडद्यावर तो क्षणात इथे, क्षणात तिथे दिसेल. म्हणून एक्स्ट्राला तीन गोष्टी बजावून सांगतात. जागा बदलायची नाही, बोलायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. भावाभावांना समोरासमोर बसवून ठेवायला असा कायदा आमच्या कुठल्याही मौलानांना सुचला नसता.

जेवण खरं होतं. सेटवरच्या बाईने आधी नमुन्याला पिवळाधमक भात करून दाखवला होता. तो बघून मी आदल्या आठवड्यातच अम्मीला साकडं घातलं होतं. अम्मीने पहाटेपासून सांदणं वाफवली होती, नारळाच्या रसातली, आणि त्यांच्याबरोबर मटण. शेवटी शीरखुर्मा. ती मागच्या खोलीत चूल मांडल्यासारखी बसली होती आणि प्रत्येक टेकला, म्हणजे प्रसंग नव्याने घ्यायच्या प्रत्येक वेळी, ताजी ताटं पाठवत होती. वास असा सुटला की रोजा नसलेले लाइटवालेही शिडीवरून खाली उतरत होते.

पहिला टेक. आमचे दोन नट भांडायला लागले. मी श्वास धरून उभी. “तुझा चांद आंधळा आहे,” एकजण म्हणाला, इंग्रजीत. “आणि तुझा विमानाने येतो,” दुसरा म्हणाला. मला चाचांची फक्त पाठ दिसत होती. ती ताठ झाली. अब्बांचा चेहरा मात्र सगळ्यांना दिसत होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी त्यांचं घड्याळ पाण्यात बुडवलं होतं तेव्हासुद्धा तसं बघितलं नव्हतं.

“कट,” जोआन म्हणाली. “छान. फक्त मधले दाढीवाले काका जेवत नाहीयेत.”

मी अब्बांना सांगितलं, अब्बा, जेवायचंय. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या टेकला त्यांनी सांदण तोडलं, रश्शात बुडवलं, तोंडापर्यंत नेलं आणि परत ठेवलं. तिसऱ्याला चमच्याने शीरखुर्मा ढवळत बसले. चौथ्याला शेजारच्याला वाढत राहिले. प्रत्येक वेळी ताट उचललं जायचं, नवं यायचं. मी परत गेले तर म्हणाले, दात दुखतोय. मग म्हणाले, सकाळपासून दहा घरी खाऊन आलोय, पोटात जागा नाय. हे मला पटलं, कारण अब्बांचं बऱ्याचशा ईदींना हेच असायचं. दुपारी घरी जेवायचे नाहीत. लोकांकडे जाऊन आलो, पोट भरलं, म्हणायचे. संध्याकाळी मात्र असे तुटून पडायचे की आम्ही भावंडं त्यांची टर उडवायचो. दहा घरी खाऊन आलेल्याची ही अवस्था, तर उपाशी असते तर काय झालं असतं, म्हणून.

दुपार गेली. बाकीचे सगळे शॉट झाले, नटांचे, दादीचे, ताटांचे. उरला तो एकच, अख्ख्या टेबलाचा, ज्यात सगळे एकदम जेवायला लागतात आणि भांडण विरघळतं. नवव्या टेकनंतर जोआन माझ्याकडे आली. ती कधी आवाज चढवत नसे, पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. ते उठले होते.

“शगुफ्ता, मला नीट समजून घेऊ दे. ज्यांचा उपास आहे ते जेवत नाहीत, हे कळलं. पण ज्यांचा सण आहे तेही जेवत नाहीत. मग इथे जेवतंय कोण?”

सहा वाजून गेले होते. तासाभरात दिवे बंद होणार होते. मी मागच्या खोलीत अम्मीकडे गेले आणि रडकुंडीला येऊन म्हणाले की अब्बांना काय झालंय, माझा भाग बुडवतायत, त्या वाक्यांचा सूड घेतायत का?

अम्मी सांदणं मोजत होती. तिने मोजणं थांबवलं नाही.

“ते नाय खायचे,” ती म्हणाली. “इसाकभाईंचा रोजा हाय ना?”

“मग? अब्बांची ईद आहे.”

“सकाळी एक खजूर खातात, वर पाणी. म्हणजे रोजा होत नाय, ईदला रोजा धरल्याचा गुनाह लागत नाय. मग दिवसभर काय नाय. दिवस बुडून इसाकभाईंची मगरिब झाली की जेवतात.” तिने झाकण लावलं. “ज्या सालाला दोन ईदी येतात त्या सालाला हेच. तुम्हाला सांगू नको म्हणून मला कसम घातलेली.”

मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसले. दहा घरं. पोट भरलं. आणि आम्ही उडवलेली टर. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

“पण का?”

अम्मीने मग सांगितलं. अब्बांचे वडील बोटीवर असायचे, दोन-दोन वर्षं घरी नसत. माझी दादी दुसऱ्यांच्या वाडीत कामाला जायची आणि नऊ वर्षांच्या अब्बांना सांगून जायची की आधी धाकट्याला खायला घाल, तो जेवला की तू जेव. दादी गेली, खाडी सुटली, इंग्लंड आलं, गिरणीत दोघांची पाळी वेगळी पडली तरी अब्बा डबा उघडायचे ते चाचांनी उघडल्यावर. भांडण झालं, बोलणं बंद झालं, पण कोणी अब्बांना तो नियम संपला असं सांगितलंच नव्हतं. अम्मी म्हणाली, इसाकभाई उपाशी असले की यांच्या घशाखाली घास उतरत नाय, मी तरी काय करू?

आता माझं तोंड. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या घराला माहीत आहे. मी सेटवर परत गेले. अब्बा हात धुवायला गेले होते. चाचा नियमाप्रमाणे जागेवरच होते, कॅमेऱ्याकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि अम्मीने जे सांगितलं ते सगळं सांगून टाकलं. खजूर, पाणी, अकरा वर्षं.

 चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मला वाटलं, वाया गेलं. अब्बांची कसम मोडली ती मोडली, वर हातात काही नाही.

मी जोआनकडे गेले. सांगितलं की सहा अठ्ठेचाळीसला दाढीवाले काका जेवतील. तेही जेवतील आणि पाठ करून बसलेले सगळेही जेवतील. एकच टेक मिळेल, पण खरा मिळेल.

“सहा अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “मागे तू मला एक तारीख दिली होतीस.”

“आमच्यात दिवस सांगता येत नाही,” मी म्हणाले. “मिनिट सांगता येतं. सूर्यावरून अजून कोणाचं भांडण झालेलं नाही.”

जोआनने घड्याळ बघितलं. सहा पस्तीस. ती म्हणाली, ठीक आहे, पण तोवर कॅमेरा चालू ठेवून भांडणाची वाक्यं आणखी एकदा घेऊ, नटांचे हात-पाय गरम राहतील. अब्बा येऊन बसले. ताजी ताटं आली. सांदणांवरून वाफ निघत होती.

“ॲक्शन.”

नट भांडायला लागले. आंधळा चांद झाला. विमान आलं. आणि तेवढ्यात चाचा खुर्चीत वळले. नुसते वळले नाहीत, हात टेबलावर टेकून अख्खेच्या अख्खे कॅमेऱ्याकडे फिरले, थेट भिंगात बघितलं आणि गिरणीत तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटावर बोलून जो आवाज कमावला होता त्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, आणखी किती वेळ? माझा भाऊ उपाशी आहे.”

एका वाक्यात तिन्ही नियम मोडले. नट थांबले. मी डोळे मिटले आणि ‘कट’ ऐकायची वाट बघत राहिले. जोआन ‘कट’ म्हणाली नाही.

“तुला कोणी सांगितलान?” हा अब्बांचा आवाज. कोकणीत.

“कोणी का सांगेना.” चाचा परत त्यांच्याकडे वळले होते. “ईदच्या दिवशी उपाशी राहतोस? हराम हाय, माहीत नाय तुला?”

“मी उपाशी नाय. खजूर खाल्लाय सकाळी. नुसता जेवलेला नाय.”

“मशिदीत विचारलंस असं चालतं का?”

“कुठल्या?” अब्बा म्हणाले. “माझ्या का तुझ्या?”

टेबलाच्या दोन्ही बाजूंना हशा पिकला. तोंडवाले हसले, पाठवाले हसले, भांडणाऱ्या नटांना कोकणीतलं ओ की ठो कळलं नव्हतं तरी तेही हसले. चाचा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते मला कुठून दिसणार होतं, पाठ माझ्याकडे होती. अब्बांच्या चेहऱ्यावरून कळलं. अब्बांनी हात लांब करून पाण्याचा पेला चाचांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, “अजून सात मिनिटं हायत. तोवर बोल काय बोलायचं ते. अकरा साल गप बसलायस.”

पण बोलले ते अब्बाच. सात मिनिटं. टॅक्सी कितीला गेली, छताला दुसऱ्या खांबाजवळ जे यंत्र होतं ते कोणाचं होतं, चाचांचा गुडघा कसा आहे. चाचा फक्त हो आणि नाय म्हणत होते. पाठवाल्यांपैकी एकाने खिशातून मशिदीचं छापील वेळापत्रक काढून समोर धरलं होतं. सहा अठ्ठेचाळीसला त्याने मान हलवली.

रोजा असलेल्यांनी खजूर उचलले. चाचांनी दुआ पुटपुटली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. अब्बा बघत होते. चाचांनी मग सांदण तोडलं, रश्शात बुडवलं, पहिला घास घेतला आणि गिळल्यावर भावाला म्हणाले, “झालं माझं. आता तू खा.”

अब्बांनी खाल्लं. काय खाल्लं ते मी सांगायला नको, आम्हा भावंडांना ते आधीपासून माहीत होतं. जोआनने सात वाजून एक मिनिटाने ‘कट’ म्हटलं आणि नाक शिंकरलं. मी तिला कोकणीचं भाषांतर करून सांगायला गेले तर म्हणाली, नको, कळलं.

भाग लागला तेव्हा ते वाक्य तिने ठेवलं होतं. दोन नट भांडत असतात, मधेच एक अनोळखी रुंद पाठीचा म्हातारा थेट लोकांकडे वळून विचारतो, आणखी किती वेळ, माझा भाऊ उपाशी आहे. कोण हा, कुठून आला, काही स्पष्टीकरण नाही. लोक त्यावरच सगळ्यात जास्त हसले. नंतर मला मालिकेत लेखिका म्हणून घेतलं ते त्या एका वाक्यावर. आणि तेच माझं नव्हतं. आंधळा चांदही माझा नव्हता, विमानही माझं नव्हतं. नाव तेवढं माझं खाली आलं. मी हे चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, राहू दे तुझ्या नावावर, माझं नाव तिथे आलं असतं तर मशिदीत उत्तरं द्यावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, चाचांची ईद. सेट पाडायचं काम चालू होतं आणि आम्ही सगळे तीन दारं पलीकडे, चाचांकडे. पुढच्या दाराने गेलो. अम्मीच्या हातात वाटी होती. ती सवयीने मागच्या गल्लीकडे वळली, तिला हाताला धरून पुढे आणावं लागलं. दुपारी एक वाजता जेवायला बसलो. अब्बांना भर दुपारी ईदचं जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दोन ईदींच्या सालात, म्हणजे.

जेवताना अब्बांनी सगळ्यांना सांगितलं की खरी ईद कालच होऊन गेली. मग थोड्या वेळाने परत सांगितलं. शीरखुर्मा यायच्या आधी तिसऱ्यांदा सांगितलं. चाचांनी एकदाही वाद घातला नाही. तिन्ही वेळा त्यांनी भावाच्या ताटात एक-एक सांदण वाढलं.